मिशीची फणी

एवढीशी शिंगाची फणी, दोन दात गेलेली, अजून खोबरेल तेलाचा वास असलेली... दवाखान्याचा हिरवा सदरा चढवताना बाबांनी घड्याळ नाही, चष्मा नाही, ही तेवढी तिच्या हातात दिली होती, ‘सांभाळ’ म्हणून. आणि ती मुठीत आवळून मृण्मयी दवाखान्यातल्या विमा योजनेच्या खिडकीशी उभी होती, आणि आतला कर्मचारी संघपाल पुन्हा तेच सांगत होता.

“मॅडम, बोटं तर उमटूनच नाही राहिली. अन् चेहरा मशीन घेत नाही. कार्डावर मिशीच नाही ना साहेबांना!”

नाही. कशी असेल? मागच्या वर्षी आई गेली, मुलगा नाही म्हणून बाबांनीच अग्नी दिला, दहाव्याला गोदावरीच्या घाटावर डोकं-मिशी सगळं उतरवलं... आणि मी, केवढी हुशार मी, रजा आहे तोवर उरकून टाकू म्हणून दोनच दिवसांनी त्यांना ऑटोत घालून केंद्रावर नेलं! आधारला नवा फोटो, त्यावरून सत्तरीपुढच्यांचं हे विम्याचं कार्ड. कसलं समाधान वाटलं होतं तेव्हा. आता तिथंच घोडं अडलंय. आज संध्याकाळपर्यंत मंजुरी आली नाही तर उद्याचा पेसमेकर हुकणार, आणि डॉक्टर तर म्हणतात, थांबण्यात धोका आहे.

“दुसरा काही मार्ग?”

“अर्ज करा की. पण चार-पाच दिवस जातेत.” तो घुटमळला. वाईट नव्हता बिचारा. “नाहीतर... मिशी उतरवा. मागं एका आजोबांचं तसंच झालं, लगेच घेतलं मशीननं.”

ती वॉर्डाकडं जिना चढू लागली. शाळेत विज्ञान शिकवते मी, ग्रहणात मुद्दाम पोरांना डबे खायला लावते — आणि इथं? ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मिशी उतरवायची... म्हणजे आधीच... छे! काय हे मनात येतंय. जीभ झडो माझी. पण विचार हटेना.

“कोण मेलंय म्हणून मिशी काढू?” तिचं ऐकताच बाबा खाटेवरून कडाडले. रेल्वेच्या ऑफिसात सगळा जन्म याच आवाजात गेलेला.

तिला राग आला, रडूही आलं. “बाबा, मला भीती वाटतेय हो,” ती म्हणाली. “लई भीती वाटतेय.”

त्यांनी मिशीवरून एकदा बोट फिरवलं. मग म्हणाले, “तूच काढ. परक्याचा हात नको.”

खालच्या मेडिकलमधून तिनं रेझर आणला. काढली.

संघपाल मोबाईल घेऊन वर आला. “साहेब, इकडं बघा. डोळे मिटा... उघडा.” पडद्यावरचं वर्तुळ फिरू लागलं. तिनं तिकडं बघायला हवं होतं, जीव तिथंच टांगलेला. पण ती बघत होती बाबांचा वरचा ओठ — पांढराफटक, थरथरणारा. केंद्रावर त्या फोटोच्या वेळीही थरथरत असणार. मी पाहिलंच नाही. माझं आपलं चाललेलं, बाबा, सरळ बसा, हलू नका, मागं रांग आहे... बायको जाऊन दोन आठवडे झाले नव्हते माणसाची.

“साहेब, हलू नका. पुन्हा घ्यावं लागतंय.”

“हलू द्या त्यांना,” मृण्मयी म्हणाली, आणि आपल्याच आवाजाचं तिला नवल वाटलं.

“फणी आहे ना गं?” बाबांनी विचारलं.

“आहे.”

वर्तुळ पुन्हा फिरू लागलं. उद्याची धास्ती तशीच होती, किंबहुना वाढलीच होती; पण ती बाबांच्या खाटेवर टेकली आणि बाबांचा ओठ थांबेपर्यंत त्यांच्याकडेच बघत राहिली.