भासऱ्यांच्या दंडातली नळी

जानराव माझे भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ. धनज गावाच्या बाहेर वावरातच आमची दोन घरं, मधे एक अंगण. जाऊबाई आधी गेल्या, मग माझा नवरा. दोन घरांत आम्ही दोघं उरलो. भासऱ्यांनी भावसुनेला शिवायचं नाही, तिच्याशी सरळ बोलायचं नाही, अशी आमच्याकडची रीत. त्यामुळे त्यांना काही सांगायचं असलं की ते बैलाला सांगत. "ढवळ्या, उद्या तुरी सोंगायच्या आहेत रे." मी ऐकून घेई. कधी कधी दिवस मावळायचा आणि अख्ख्या अंगणात तेवढंच बोलणं झालेलं असायचं.

मग त्यांना रक्ताचा आजार निघाला. औषधांनी हाताच्या शिरा जळून गेल्या, म्हणून डॉक्टरांनी दंडातून एक बारीक नळी पार काळजापर्यंत घातली. तिचं टोक बाहेर, वर काचेसारखी पट्टी. दर आठवड्याला पट्टी बदलायची आणि नळीत पिचकारीनं औषधाचं पाणी सोडायचं. त्यांचा मुलगा पवन हे शिकला होता. पुण्याहून यायचा, करून जायचा. त्या आठवड्यात त्याला सुट्टी मिळाली नाही, आणि घामानं पट्टीची कड सुटली. जवळपास ती नळी हाताळणारं त्याला कोणी सापडेना.

"काकू, आता तुमीच करा," तो फोनवर म्हणाला. फोन मी तांब्याला टेकवून ठेवला होता. त्यात त्याला सगळं दिसत होतं.

"मी? अरे, भासऱ्याच्या अंगाले हात लावू?"

"हातमोजे आहेत ना."

भासरे ओसरीतल्या खाटेवरून गोठ्याकडे पाहत म्हणाले, "ढवळ्या, सांग त्या पोट्ट्याले. राहू दे म्हणा."

"बाबा, बैल पट्टी बदलत नाही! जंतू गेले त सरळ रक्तात जातात. मंग नळी काढा लागते. पुढचं औषध कुठून देतीन?"

भासऱ्यांनी बाही वर सारली. पुढचं औषध चुकलं तर काय, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं.

मी हात धुतले. दोघांनी तोंडाला मास्क लावले. जुनी पट्टी हळूच सोडवली, औषधाच्या बोळ्यानं जागा पुसली. पाकिटातली नवी पट्टी लावायला वाकले तर डोक्यावरचा पदर सरकला आणि थेट पट्टीवर, नळीवर पडला.

"काकू! काय करून राह्यल्या? फेका ते पाकीट!"

आता एकच पाकीट उरलं होतं. पदर दातांत धरावा, तर तोंडावर मास्क.

"पदर काढून कमरेले खोचा," पवन म्हणाला.

लग्न होऊन आले तेव्हापासून त्यांच्यासमोर माझं डोकं उघडं पडलं नव्हतं. मी तशीच उभी राहिले. भासऱ्यांनी मान भिंतीकडे वळवली.

"हां बाबा, मान तिकडंच ठेवा. श्वास पडाले नाही पाह्यजे."

मी पदर खोचला. पुन्हा हात धुतले, नवे मोजे घातले. जागा पुन्हा पुसली आणि ती आपोआप वाळेपर्यंत थांबले. फुंकर मारायची नव्हती. पट्टी बसवली. मग नळीचं तोंड पुसून थोडं थोडं करत पाणी सोडलं. ते सरसर आत गेलं. मोज्यातूनही दंड गरम लागत होता. माणसाचं अंग हाताला लागून किती काळ झाला होता, ते मला तेव्हा कळलं.

"झकास!" म्हणून पवननं फोन ठेवला.

"झालं?" भासऱ्यांनी विचारलं. बैलाला नाही.

"झालं."

त्यांनी मान वळवली. मी अजून पदर घेतला नव्हता.

"म्हातारी झाली तू," ते म्हणाले.

"तुमीबी."

ते मास्कआड हसले असावेत. डोळे तसे दिसले. मग पुन्हा गोठ्याकडे पाहू लागले. मी पसारा उचलून घरी आले.

पट्टी चांगली टिकली, ताप आला नाही. पुढच्या आठवड्यात सकाळीच मी साबणानं कोपरापर्यंत हात धुऊन बसले होते. तेवढ्यात अंगणात ऑटो येऊन थांबला. पवन आला होता. अंगणापलीकडच्या ओसरीत बापलेकांचं बोलणं चाललं, पाण्याचा आवाज झाला, पाकीट फाडल्याचा झाला. मला कोणी हाक मारली नाही.

मग त्याच हातांनी मी भाकरीचं पीठ मळायला घेतलं.