जावेच्या शेगडीवर

दोघे भाऊ रस्त्याला लागून सायकल दुरुस्तीचं दुकान चालवायचे. एकाच्या हातात पाना, दुसऱ्याच्या हातात पंप, आणि दिवसभर दोघांच्या गप्पा. वर, जिन्याच्या माथ्यावर त्यांची घरं समोरासमोर. दार उघडलं की एकमेकांच्या स्वयंपाकाचा वास यायचा. पण सासूबाईंना माती दिली त्या दिवसापासून दोघा भावांच्या बायकांमध्ये विस्तव जात नव्हता. चर्चमध्ये थोरली उजवीकडच्या बाकावर बसे, धाकटी डावीकडच्या. धाकटीला मिजास चढली आहे, असं थोरली म्हणायची. धाकटी काहीच म्हणायची नाही.

त्यांच्या चर्चची मंडळी लहान. महिन्यातून एकदा उपासनेनंतर पाळकसाहेबांसकट सगळे कुणा एकाच्या घरी एकत्र जेवत. त्या रविवारी पाळी थोरलीची होती. तिने पहाटेच मटण आणि बटाट्यांचं मोठं पातेलं चढवलं, आच मंद केली, खालच्या शेजारणीला लक्ष ठेवायला सांगितलं आणि ती उपासनेला गेली. परत येऊन झाकण उघडते तर मटण अजून चिवट, बटाटे कच्चे, आणि शेगडी गार. गॅस संपला होता, शेजारणीला पत्ताही नव्हता.

थोरला सिलिंडर आणायला धावला आणि हात हलवत परत आला. रविवारमुळे दुकान बंद.

"अगं, समोर विचार की," तो म्हणाला.

"समोर? जीव गेला तरी जाणार नाही."

"जीव तुझा जाईल, पण उपाशी मंडळी राहील."

तेवढ्यात जिन्यावर काठी वाजली. चर्चमध्ये पेटी वाजवणारे काका सगळ्यांच्या आधी पोचले होते. त्यांना दिसत कमी आणि भूक लागे लवकर. "वास तर झकास सुटलाय बुवा!" ते खालूनच ओरडले.

थोरलीने पदर खोचला, दोन फडक्यांनी पातेलं उचललं आणि समोरच्या दाराला पायानेच धक्का दिला.

धाकटीने दार उघडलं. हात कणकेने भरलेले. तिने जावेकडे बघितलं, पातेल्याकडे बघितलं, आणि आपला तवा खाली उतरवला. थोरलीने पातेलं शेगडीवर ठेवलं. आता ते शिजेपर्यंत तिला जाता येईना आणि बोलताही येईना. दोघी पातेल्याकडे बघत उभ्या राहिल्या.

धाकटीने हात धुतले, डाव घेतला, थेंबभर तळहातावर घेऊन चाखलं. "मीठ कमी आहे."

"घाल मग."

धाकटीने घातलं. थोरलीला राहवलं नाही. "एवढं करतेस, मग माझ्याशी बोलत का नाहीस गं? काय घोडं मारलं मी तुझं?"

धाकटीने पातेल्यावर झाकण ठेवलं. मग हळू आवाजात म्हणाली, "ताई, आई गेल्या त्या दिवशी दफनाहून आल्यावर तुम्ही सगळ्यांना जेवायला वाढलंत. पाळकसाहेबांना, पाहुण्यांना, पेटीवाल्या काकांना तर दोनदा. मी मागे मोरीत आईंच्या चादरी धूत होते. आदल्या रात्रीपासून पोटात काही नव्हतं. बाहेर आले तर भांडी रिकामी. कुणी एक ताट झाकून ठेवलं नव्हतं."

"अगं, मला वाटलं तू जेवलीस."

"तुम्ही विचारलंत कुठे?"

पाहुणे किती होते, आपली किती धावपळ झाली होती, हे सगळं थोरलीच्या जिभेवर आलं होतं. ते तिने गिळलं. "चुकलं माझं," ती म्हणाली.

"दोन वर्षं झाली, ताई."

"हो. दोन वर्षं चुकलंच."

धाकटीने कणकेच्या परातीकडे बोट केलं. थोरलीने हात धुतले आणि मळायला बसली.

मटण शिजत आलं तशी दाराशी गर्दी झाली. पाळकसाहेब, पाळकबाई, मुलांना घेऊन आलेली नर्स, गवंडी आणि त्याची म्हातारी आई. पाळकसाहेब कधी या दाराकडे बघत, कधी त्या. "जेवण नक्की कुठल्या घरी?"

थोरलीने धाकटीकडे बघितलं. हे उत्तर द्यायचा हक्क आपला नाही, हे तिला कळत होतं.

धाकटीने कपाळावरचा घाम पुसला. "इथेच. आत या, चपला बाहेर काढा," ती म्हणाली.

समोरच्या घरातून सतरंज्या आल्या, ताटं आली. म्हातारीला पाट मिळाला. धाकटी वाढायला उठली तसा थोरलीने तिच्या हातातला डाव काढून घेतला. "तू बस."

"मी मागाहून बसेन."

"मग प्रार्थनाही मागाहून होईल."

पाळकसाहेबांनी जोडलेले हात खाली घेतले. पेटीवाले काका कळवळून म्हणाले, "बस गं पोरी, माझ्यावर दया कर!" सगळे हसले. धाकटीही हसली आणि नर्सच्या शेजारी मांडी घालून बसली. प्रार्थना झाली. थोरलीने पहिलं ताट तिच्यासमोर ठेवलं. धाकटीने घास घेतला, चावला, आणि तिचे डोळे भरून आले. गवंड्याने तिच्याकडे पाण्याचा तांब्या सरकवला.

दुपारी सगळे पांगल्यावर दोघी भांडी घासायला बसल्या. थोरली घासायची, धाकटी विसळायची. मग धाकटी म्हणाली, "आई गेल्या त्याच्या आदल्या रात्री त्यांच्याजवळ मी एकटीच होते. त्यांनी काय मागितलं, तुम्हाला ठाऊक नसेल."

थोरलीचा हात थांबला. दोन वर्षांत हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. सांगणारी एकच होती.

"काय मागितलं?"

"दुधात बुडवलेला पाव. दोन घास खाल्ले. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, उरलेला तू खा, तू दमलीस."

थोरलीने पदराने डोळे टिपले. "आणखी काय म्हणाल्या?" तिने विचारलं, आणि धाकटी सांगू लागली.