पंचफुलाबाईंची चाळणी

मी एक जुनी चाळणी आहे. लाकडी कडं, बारीक जाळी आणि काठाशी एक भोक. मित्रांनो, आज मी लोहारा गावातल्या एका शेडमध्ये खिळ्यावर लटकते, पण माझेही दिवस होते बरं.

बोंडअळीनं कापसाची पार दैना केली, त्या वर्षांत काही गावांनी तुती लावली. तुतीवर रेशीमकिडे वाढले. धागा न निघणारे त्यांचे फुटके कोष आमच्याकडे यायचे. ते सोड्याच्या पाण्यात उकळायचे, धुऊन वाळवायचे, दळायचे आणि ती रेशमाची भुकटी माझ्यातून चाळायची. कमी उकळले तर भुकटी टणक राहते, जास्त उकळले तर पाण्यात विरघळते. सगळं चुलीपाशीच ठरतं.

चुलीवर पंचफुलाबाई असायच्या. जन्म कापूस वेचण्यात गेलेला, हे काम नवंच. चाळून झालं की मला तळहातानं हळूच थोपटायच्या.

एकदा नागपूरच्या औषधवाल्यांनी जखमेवर टाकायला, ओल्यात टिकणारी भुकटी मागितली. नमुना पसंत पडला तरच शेड चालू राहणार होती. पंचफुलाबाईंनी मन लावून कोष उकळले, पार पांढरेशुभ्र होईपर्यंत. भुकटी मैद्याहून मऊ पडली. मी तर खूश झाले. शेड चालवणाऱ्या संघदीपनं चिमूटभर पाण्यात टाकली, तर ती दिसेनाशीच झाली.

"काकू, इतकं काहून उकळलं?"

"पांढरा नसला त कापूस कोणी घेत नाही बापा. मले वाटलं, याचंबी तसंच असन."

संघदीप रागावला नाही. कोषांचं एकच पोतं उरलं होतं, ते त्यानं त्यांच्याच पुढ्यात ठेवलं. या वेळी कोष पिवळसर असतानाच पंचफुलाबाईंनी गंज, म्हणजे उकळायचं पातेलं, चुलीवरून उतरवला. असला मळकट माल त्यांनी जन्मात कुणाला दिला नव्हता. भुकटी माझ्या जाळीतून खरखरत उतरली आणि पाण्यात तशीच राहिली. नमुना पसंत पडला, शेड वाचली.

पुढे चाळायचं यंत्र आलं. परवा नव्या मुलींनी मला कचऱ्यात टाकलं. आता थकलेल्या पंचफुलाबाई शेडमध्ये फक्त कोष निवडतात. त्यांनी मला उचलून पदरानं पुसलं.

"हिले फेकू नका वं. कापूस सुटला तवा हिच्यासंगंच मी दुसरं काम शिकली."

मित्रांनो, जुनी वस्तू टाकण्याआधी ती कुणाच्या हातातली होती, एवढं विचारत जा. मी आता काही चाळत नाही. तरी घरी जाताना पंचफुलाबाई खिळ्यापाशी थांबतात आणि मला हळूच थोपटतात.