माझे बक्कल वाजते तेव्हा

मी एक जुना चामडी पट्टा आहे. पूर्वी कमरेला असायचो, आता एका मुलीच्या दप्तराला असतो. ते कसे, तेच सांगतो.

मित्रांनो, चपला शिवणाऱ्या एका काकांनी मला बनवले आणि फरशांच्या कारखान्यातल्या एका कामगाराने हौसेने विकत घेतले. तेव्हा माझा रुबाब काय सांगू! संध्याकाळी दारात माझे बक्कल वाजले, की त्याची लेक "बाबा आले!" म्हणत धावायची आणि मलाच धरून त्याच्या खांद्यावर चढायची.

मग कारखाना बंद पडला. गल्लीतले बाप दिवसभर घरी बसू लागले. लेकीची आई पहाटेच धुण्याभांड्यांना बाहेर पडे. बाप वाळत चालला, तशी मला नवी भोके पडत गेली. एकदा लेकीच्या हातून दूध सांडले, आणि त्याने मला ओढून तिच्या पाठीवर मारले. काम गेले होते हे खरे, पण हात त्याचाच होता. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

पुढे एका दुपारी पँट घसरते म्हणून त्याने मला सहजच काढले. बक्कल वाजले. लेकीने धाकट्या भावाला उचलले, त्याच्या तोंडावर हात ठेवला आणि ती खाटेखाली शिरली.

बाप वाकून बघतच राहिला. संध्याकाळी पोरांची आई परतताच, एका हाताने पँट सावरत तो काकांकडे गेला.

"आणखी एक भोक पाडू?" काकांनी विचारले.

"नको. कापून टाका याला. पोरगी घाबरते... मला घाबरते."

काकांनी आरी खाली ठेवली. "पट्टा कापीन रे. पण हाताचं काय करशील?"

बाप रडू लागला.

"डोकं फिरलं की इथं येऊन बस. शिवणं शिकवतो. आणि शाळा सुटली की पोरांना तुझ्या काकूकडे धाड."

काकांनी माझा दप्तराचा बंद बनवला, बक्कल तसेच ठेवले. मला कापले, याबद्दल मी त्यांचा जन्माचा ऋणी आहे. त्याहून ऋणी त्या लेकीचा. बरेच दिवस तिने दप्तर पोटाशीच धरले. कोणी घाई केली नाही. मग एके सकाळी तिने आपण होऊन मला खांद्यावर घेतले.

मित्रांनो, घरी कोणी मारत असेल, तर गप्प बसू नका. विश्वासातल्या मोठ्या माणसाला सांगा. चूक तुमची नसते. आणि मोठ्यांनो, शेजाऱ्याचे काम सुटले, तर त्याचे दार जरूर वाजवा.

आज शाळा सुटल्यावर ती पळत आली. माझे बक्कल खुळखुळले, आणि काकूंच्या दारातून धाकटा ओरडला, "ताई आली!"