जेवणाची घंटा मी नव्हे!

मित्रांनो, मी एक जुनी पितळी घंटा आहे, आणि एक गोष्ट आधीच स्पष्ट करून टाकते. मी देवळातली नाही, शाळेतली नाही आणि जेवणाची तर मुळीच नाही. मांजराच्या गळ्यात घंटा कोण बांधणार, असं तुम्ही लोक एकमेकांना विचारत बसता. माझा मांजराशी काडीचाही संबंध नाही. मी कुत्र्याच्या गळ्यातली घंटा आहे, तीही शिकारी कुत्र्याच्या. पण सांगून काय उपयोग? आमच्या शिकारी क्लबातल्या मंडळींना दर ऑक्टोबरात मला खणखणवल्याशिवाय हरणाचा रस्सा गोड लागत नाही.

माझा जन्म मिशिगनच्या पार उत्तरेला, सुपीरियर सरोवराकाठच्या एका तांब्याच्या खाणीत झाला. तिथल्या दुरुस्तीखात्यात एक फिनिश कारागीर होता. त्यानं मोडीत निघालेल्या पंपाच्या पितळेतून मला ओतलं आणि लोलक म्हणून आत बोल्टचा तुकडा अडकवला. त्यामुळे माझा आवाज काही गोड नाही. चमच्यानं तपेलं बडवावं तशी मी वाजते. पण दाट रानातून तो आवाज लांबवर पोचतो. कारागिरानं मला आपल्या पुतण्याला देऊन टाकलं. तो पुतण्या म्हणजे रायनो कांगास.

रायनोचं नाव तुमच्या कानावर आलं नसेल. आमच्याकडे मात्र रान, कुत्री आणि तित्तिर यांच्याबद्दल त्याच्यासारखं लिहिणारा कुणी नव्हता. स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून तो लिहायचा. लोक पेपरातले त्याचे लेख कापून सौनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराच्या, बाहेरच्या खोलीत टाचून ठेवायचे आणि कपडे उतरवता उतरवता पुन्हा पुन्हा वाचायचे. मी त्याच्या कुत्र्यांच्या गळ्यात असायची. एक म्हातारी झाली की तिची मुलगी, मग तिची मुलगी. पट्टे झिजले, मी टिकले.

माझं काम फार थोड्यांना नीट कळलं आहे. ऐका. आमच्या रानात कोवळी झाडं इतकी दाट वाढतात की चार हातांवरचं कुत्रं दिसत नाही. कुत्री धावते तेव्हा मी वाजते, म्हणजे ती कुठे आहे ते मालकाला समजतं. तित्तिराचा वास आला की ती जागच्या जागी दगडासारखी उभी राहते. मग मी थांबते. मी थांबले म्हणजे पक्षी तिथेच आहे. तेव्हा माझं खरं काम वाजण्याचं नाही, थांबण्याचं आहे! आणि अशा घंटेला तुम्ही जेवणासाठी, भाषणासाठी, सोडतीसाठी बडव बडव बडवता. याला काय म्हणावं?

रायनोचा नेम बहुतेक वेळा चुकायचा. पक्षी भर्रकन उडायचा, बंदुकीचा बार व्हायचा आणि वरून नुसती पानं पडायची. मग टोपी मागे सारून तो म्हणायचा, "जा बाबा, घरी बायको वाट बघत असेल." घरी येऊन तो आपलं चुकणं जसंच्या तसं लिहून काढायचा. म्हणून तर लोकांनी त्याच्यावर जीव टाकला. आणि आता? तो गेल्यापासून क्लबात दरवर्षी त्याच्या आठवणींचं जेवण होतं आणि दरवर्षी त्यानं मारलेले पक्षी वाढत जातात. त्या थापा ऐकून माझं पितळ तापतं. पहिल्या वर्षी त्याची बायको आयली हिनं मला "एका संध्याकाळपुरती" म्हणून दिलं होतं. ती संध्याकाळ अजून संपलेली नाही. मी सोडतीच्या चिठ्ठ्यांच्या खोक्यात पडून असते.

यंदा तर कहर झाला. क्लबाचा अध्यक्ष डॅरिल थिबो हा आडवा, लालबुंद आणि मनानं लोण्याचा माणूस. रायनोचे लेख वाचून त्यानं बंदूक हातात घेतली आणि रायनोच्या अंत्यविधीत तो सगळ्यांत मोठ्यानं रडला. सगळंच तो मोठ्यानं करतो. त्याच्या प्रेमळ डोक्यातून एक बेत निघाला. मला काचेच्या पेटीत ठेवायचं. झीज होऊ नये म्हणून माझा लोलक डाख देऊन कायमचा पक्का करायचा. खाली पितळी पाटी, तीसुद्धा कोरून तयार: "तिखट कानांचा थोर शिकारी रायनो कांगास याची घंटा." आता फक्त आयलीनं हो म्हणायचं बाकी होतं.

डाख देणार, मित्रांनो! कुत्री थांबली म्हणून थांबणं वेगळं आणि कुणी तोंड शिवून टाकणं वेगळं. मी त्या खोक्यात चडफडत पडले होते. माझं ऐकणारं तिथे होतं कोण?

जेवणाच्या वेळी डॅरिलनं मला उचललं आणि खिडक्या हादरेपर्यंत बडवलं.

"मंडळी, आता आयली दोन शब्द बोलतील! थोडक्यात हं आयली, रस्सा निवतोय."

सगळे हसले. आयली सावकाश उठली. दरवर्षी ती नुसती मान हलवून खाली बसायची. या वेळी तिनं पाटी हातात घेतली, डोळ्यांजवळ नेली आणि टेबलावर पालथी ठेवली.

"ही परत नेऊन टाक, डॅरिल."

"आवडली ना? मला खात्रीच होती!"

"नेऊन टाक म्हणतेय."

"का? नाव चुकलंय का?"

"नाव बरोबर आहे. कान चुकलेत. रायनोला ऐकू येत नव्हतं."

खोलीतले चमचे थांबले.

"कितीतरी वर्षं," आयली म्हणाली. "बंदुकीनं खाल्ले त्याचे कान. पाठीमागे तवा पाडला तरी वळून बघायचा नाही."

"अहो, पण त्यानंच लिहिलंय की," एक जण म्हणाला. "घंटा थांबली आणि माझं काळीज थांबलं, असं."

"काळीज त्याचं. कान माझे. मी शेजारून चालायचे. घंटा थांबली की त्याचं कोपर दाबायचे आणि म्हणायचे, थांबली, रायनो. त्याला ते ऐकू जायचं नाही, तरी म्हणायचे."

"मग तसं लिहिलं का नाही त्यानं?" त्याच माणसानं विचारलं.

"मी सांगून थकले. म्हणायचा, बहिऱ्या शिकाऱ्याचं कोण वाचणार? नेम चुकला की चारचौघांत सांगेल, पण कान गेले हे सांगायला लाज. गाढव होता. आणि खरं सांगू? ते आमच्या दोघांतच होतं, ते मला बरंच वाटायचं. तुम्ही पक्षी वाढवलेत, वाढवा. पण जे माझं होतं, ते त्याच्या नावानं पितळेवर कोरू नका."

मित्रांनो, मला हे सगळं ठाऊक होतं. कुत्रीच्या गळ्यातून मी तिचं ते "थांबली, रायनो" रोज ऐकायची. त्या हट्टी माणसावर माझा त्यासाठी राग होता आणि अजूनही आहे. इतकं खरं लिहिणाऱ्या माणसाला एवढं एक खरं लिहिता येऊ नये?

डॅरिल शेजाऱ्याला कोपरानं ढोसत होता. "काय म्हणाल्या? कुणाचे कान?"

आयलीनं त्याच्याकडे नीट पाहिलं. मग त्याच्याजवळ जाऊन कानाशी ओरडली, "तुलाही ऐकू येत नाही ना, डॅरिल?"

त्याचा लालबुंद चेहरा आणखी लाल झाला. त्यानं आधी नाही म्हणून मान हलवली आणि मग हो म्हणून. "घंटा तर बरीच वर्षं नाही," तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच हळू बोलला. म्हणजे हा मला इतकं बडवत होता, ते मी त्याच्या कानापर्यंत पोचावं म्हणून! दया आली हो मला. पण डॉक्टरकडे जायला याला कुणी अडवलं होतं?

आयलीनं मला उचलून कोटाच्या खिशात टाकलं. "उद्या सकाळी ये," ती त्याच्या कानाशी म्हणाली. "बंदूक आण. तोंड घरी ठेवून ये."

सकाळी तिनं मला पिहलाच्या गळ्यात बांधलं. पिहला म्हणजे रायनोच्या शेवटच्या कुत्रीची नात. पट्ट्याला तेल लावलेलं होतं. रानातली पानं गळून गेली होती, जमीन ओली होती. पिहला सुटली आणि मी वाजू लागले, जशी वाजायला हवी तशी. डॅरिल आणि आयली मागून येत होते. तो तोंड काही घरी ठेवून आला नव्हता.

एका पडक्या कुंपणापाशी पिहलाला वास आला. ती उभी राहिली. मी थांबले.

"थांबली, रायनो," आयली म्हणाली.

मागे सगळं शांत झालं. रायनो असताना याच्यानंतर नेहमी त्याची पावलं वाजायची. आता पावलं नव्हती. आयलीनं कोपर दाबायला पुढे केलेला हात कुठे गेला असेल, ते मला दिसलं नाही. जन्मभर मी माझ्या थांबण्याचा तोरा मिरवला, आणि त्या क्षणी ते थांबणं मला सोसवेना. एकदा तरी वाजावं, काहीतरी आवाज करावा असं वाटलं. पण कुत्री हलत नव्हती, आणि ती हलल्याशिवाय मला वाजता येत नाही.

"काय? काय म्हणालात?" डॅरिल ओरडला. पक्षी भर्रकन उडून गेला. बंदुकीचा बारसुद्धा झाला नाही.

मग आयलीचा आवाज आला. "काही नाही रे. घालवलास ना ओरडून? चल, इकडे ये. आता माझ्या शेजारून चाल."

तर मित्रांनो, माझी विनंती फार मोठी नाही. आम्हा जुन्या वस्तूंना काचेत कोंडू नका. पट्ट्याला तेल लावा आणि आम्हाला आमच्या कामाला लावा. गेलेल्या माणसाचे गोडवे जरूर गा, पण गाण्याआधी त्याच्या शेजारून कोण चालत होतं, तेवढं विचारा. ते माणूस बहुधा त्याच खोलीत बसलेलं असतं, आणि त्याला अजून कुणी विचारलेलं नसतं.