दहा, पंधरा आणि तिसावा तास

या माउलींनो, सतरंजीवर अशा पुढं सरका. राळेगाव तालुक्यातल्या एका सप्त्याची गोष्ट सांगते. लहान आहे, पण जिवाला लागेल.

कपाशीवर फवारताना कौसल्याच्या नवऱ्याच्या, उकंडाच्या अंगात विष भिनलं. यवतमाळच्या दवाखान्यात सहा दिवस झाले, तो डोळे उघडेना. कौसल्यानं विठ्ठलाला शब्द दिला, की सप्त्याचे सात दिवस तुझी समई विझू देणार नाही, माझं कुंकू राख.

गावाची रीत अशी, की सप्ताभर वीणा भुईला टेकत नाही. तासातासानं एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. वीणेकरी दहा. समईत तेल घालणाऱ्या बाया पंधरा, त्यांचीही पाळी तासाचीच. कौसल्या दोन्हींत पहिली. सोमवारी सकाळी आठला सारं गाव हजर, तेव्हा निभावलं.

"अन् गुरुजी, दोन्ही पाळ्या पुन्हा एकदमच आल्या त?" कौसल्यानं विचारलं.

याद्या लिहिणारे पुंडलिकराव गुरुजी हसले. "दहा पंधरे दीडशे. दीडशे तासांनी, रविवारी दुपारी. तवा देवळात पाय ठेवाले जागा नसते. तू कायले घोर करून राह्यली?"

मंगळवारची दुपार, दोन वाजलेले. सोयाबीन सोंगायला, कापणीला गाव रिकामं झालेलं. आपला तास भरला तशी उत्तमसिंगनं कौसल्याच्या गळ्यात वीणा घातली, पाया पडला अन् वावराकडं निघाला. समईपाशी बसलेली हंसाबाई उठली. "आता तुयीच पाळी ना व? मंग मी जातो, मजूर खोळंबले." नामाच्या तंद्रीत कौसल्यानं मान हलवली.

मग समईकडं नजर गेली, अन् तिनं मनात तास मोजले. दहा, वीस, तीस. पंधरा, तीस. आज तिसावा तास!

"हंसाबाई! ओ हंसाबाई!" ओ आली नाही. वात तडतडायला लागली. समई गाभाऱ्यात खाली, उंबऱ्याच्या आत. वीणेकऱ्यानं तर जागा सोडायची नाही, वाकायचं नाही. गावाची वीणा, की उकंडाची समई?

ज्योत निळी झाली तशी ती धावली. एका हातानं वीणा सावरत दुसऱ्या हातानं तेल ओतायला वाकली, अन् वीणेचा भोपळा फरशीला ठक्कन टेकला. ज्योत वर उठली. कौसल्या मात्र तिथंच रडत राहिली.

संध्याकाळी हरिपाठाआधी तिनं सगळ्यांपुढं सांगून टाकलं.

"एकतीस वर्षांची अखंड वीणा टेकवली तुनं!" हंसाबाई कडाडली. "सांगताना जीभ कशी रेटली?"

पुंडलिकराव काठी टेकत उठले. "तिले बोलू नका. चुकी माही. पोरायले जलमभर लसावि शिकवला, अन् याद्या करताना सरळ गुणाकार केला. पाचाचा भाग दहातही आहे अन् पंधरातही. तो एकदाच धराचा असते. दोन, तीन, पाच, गुणले त झाले तीस. उद्या रात्री आठले साठावा तास, हे पाळी परत येईन. समईची यादी आताच बदला."

यादी बदलली. वीणेपुढं कौसल्यानं नाक घासलं, तरी मनातली भीती जाईना : समई राखली, पण देव टेकलेली वीणा मोजेल का?

माउलींनो, उकंडा अजून बोलत नाही. देवापुढं हात जोडाल तेव्हा त्याची आठवण ठेवा.