देव्हाऱ्यात राहिलेली गोळी

मी एक जुनी, स्वस्त गोळी आहे. पोटात मुरडा आला की लोक मला पाण्यासोबत गिळतात आणि विसरून जातात. सध्या माझा मुक्काम करडी गावात, टिकारामजींच्या देव्हाऱ्यात, कुंकवाच्या करंड्याशेजारी आहे. मी देवापाशी कशी आले, ते ऐका मित्रांनो.

कारखान्यात यंत्राने पांढऱ्या भुकटीतून मला दाबून घडवलं आणि चकचकीत पन्नीत बंद केलं. ज्यांनी मला मुळात शोधलं, त्यांचा मला एकट्यानेच विकण्याचा हक्क, म्हणजे पेटंट, केव्हाच संपला होता. आता मला कोणीही बनवावं, कोणीही विकावं. गरिबाच्या खिशाला मी कधी जड झाले नाही, याचा मला फार अभिमान वाटे.

पुढे नागपूरच्या एका प्रयोगशाळेत माझ्या बहिणींची पूड कर्करोगाच्या पेशींवर टाकली, आणि त्या पेशींची वाढ मंदावली. ते पाहणाऱ्यांत तिथेच काम करणारी टिकारामजींची लेक शुभांगी होती. पण काचेच्या बशीतला गुण माणसाच्या अंगात येईलच असं नाही. त्यासाठी शेकडो रोग्यांवर वर्षानुवर्षं, नेमाने परीक्षा घ्यावी लागते. तिला अफाट खर्च येतो.

त्याच सुमारास शुभांगीच्या आईला, आनंदाबाईंना, पोटाचा कर्करोग निघाला. उपचार चालू होते, पण रोग मागे हटेना. शुभांगीने घरी येऊन माझी गोष्ट सांगितली मात्र, टिकारामजी दुकानातून मला घेऊनच आले.

“घे, गीळ!”

“बाबा, नको गा! परीक्षा नाही झाली तिची. दुसऱ्या औषधांसंगं उलटली तर?”

“मुरड्यासाठी सारा गाव खाते!”

आनंदाबाई हसल्या. “तुह्या बापाले भाजीतलं मीठ नाही समजत, परीक्षा काय समजल! ठेवा तिले देवापाशी. नवे तांदूळ आपण देवाले दाखवल्याबिगर तोंडात घालतो काय? तिचंही नवं होऊ द्या. मंग खाईन.”

आमच्याकडे नव्या धानाचा पहिला भात देवापुढे ठेवतात. त्यालाच ‘नवं’ करणं म्हणतात. धान पिकलं की नवं येतंच. माझी परीक्षाही तशीच येईल, असं ती माउली धरून चालली.

रोज तुळशीला पाणी घालून त्या देव्हाऱ्यापाशी बसत. मग फोनवर लेकीला विचारत, “काय वो बाई, झालं काय तिचं नवं?”

“आमच्या प्रयोगशाळेच्या मॅडम कंपनीवाल्याईकडे गेल्या होत्या, माय. पाहू.”

कंपनीवाल्यांनी माझी तोंडभर स्तुती केली. मग एकच विचारलं, “हक्क कोणाच्या नावावर राहील?” कोणाच्याच नाही. एकाने खर्च करून माझा गुण सिद्ध करावा, आणि दुसऱ्या दिवशी साऱ्या कारखान्यांनी मला स्वस्तात विकावं, असा सौदा कोण करेल? सरकारी निधीच्या रांगेतही माझा नंबर लागला नाही.

“आपल्या तलावासारखं झालं हे,” टिकारामजी म्हणाले. “पाणी साऱ्याईचं, गाळ काढाले कोणी नाही.”

ज्या स्वस्तपणाचा मला अभिमान होता, तोच माझा दोष ठरला.

एके सकाळी आनंदाबाईंच्या घशाखाली चमचाभर पाणीच कसंबसं उतरलं. तेव्हा घरी आलेली शुभांगीच मला घेऊन त्यांच्या उशाशी बसली. “माय, खाऊन घे वो. मीच म्हणून राहिली ना आता.”

“नवं झालं तिचं?”

“नाही, माय.”

“मंग राहू दे, बाई.”

त्यांनी नेम मोडला नाही. चार दिवसांनी त्या गेल्या.

धान कापून झालं. टिकारामजींनी नवा भात देवापुढे ठेवला आणि त्यातली चार शितं माझ्यापुढे ठेवली. “शुभांगी, हिचं नवं कधी करतील वो?” लेक दाराशी उभी होती. तिने पुढे येऊन दिव्यात तेल घातलं.

मित्रांनो, मी आनंदाबाईंना वाचवलं असतं, असं मी म्हणत नाही. मला ते माहीत नाही. कोणालाच माहीत नाही, आणि हेच माझं दुःख आहे. न तपासता मला गिळू नका. न तपासता टाकूनही देऊ नका. मोठे होऊन पैसा कुठे लावायचा हे ठरवायला बसाल, तेव्हा ज्याला मालक नाही अशा औषधाची आठवण ठेवा. त्याला ‘नाही’ म्हणा हवं तर, पण पारखून म्हणा.

देव्हाऱ्यात दिवा रोज लागतो. माझ्या पन्नीवरची मुदत मात्र येत्या पोळ्याला संपते आहे.